सवडीने ये

न्यायालयात बोलण्याची मुभा सगळ्यांना असते. वकिलांचा तर तो धंदाच. साक्षीदार शपथ घेऊन बोलतो, आरोपीलाही शेवटी काही सांगायचे आहे का असे विचारले जाते, आणि दारातल्या शिपायाला मन मानेल तेव्हा ‘शांतता राखा’ म्हणून सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडता येते. न्यायाधीश साहेबांच्या आसनाखाली, त्यांच्या उजव्या हाताला, लहानशा टेबलाशी बसलेल्या लघुलेखकाने मात्र बोलायचे नसते. आमच्या इमारतीतल्या मोठ्या दालनात त्या टेबलाशी मोठ्या बाई बसत. मी त्यांच्या हाताखाली कामाला लागले आणि एकाच कामाच्या दोघी झालो, तेव्हा शिपायाने त्यांना मोठ्या बाई केले आणि मला धाकट्या.

त्यांचे टेबल साक्षीदाराच्या पिंजऱ्याला इतके लागून होते की घाबरलेल्या माणसाच्या श्वासाने कधी कधी त्यांच्या वहीचे पान हलत असे. बाई मान वर करीत नसत. पेन्सिली स्वतः तासत, टोके एकाच दिशेला करून ओळीने मांडत, आणि एकीचे टोक बोथट झाले की न पाहता दुसरी उचलत.

आमच्याकडची कामाची रीत अशी. साक्षीदार आपल्या भाषेत हवे ते सांगतो. साहेब ते ऐकून घेतात, खटल्याशी संबंध नसलेले गाळतात आणि उरलेला अर्थ शुद्ध वाक्यात सांगतात. लघुलेखकाने उतरवायचे ते साहेबांचे वाक्य. एखादी बाई म्हणते, “तो दारात येऊन उभा राहिला आणि माझ्याकडे असा बघायला लागला की हातातलं भांडंच पडलं माझ्या.” साहेब सांगतात, “आरोपीस पाहून मला भीती वाटली.” कागदावर भीती राहते, भांडे जाते. आमच्या गावी ओढ्याला बांध घालून पाणी शेताकडे वळवीत. वळवलेले पाणी कामाचे असे, पण त्याला ओढ्याचा आवाज नसे. साहेबांच्या वाक्यांचे मला नेहमी तसे वाटे.

साक्षीदार बोलत असेपर्यंत आम्हाला काम नसते. इतर लघुलेखक त्या वेळात खिडकीकडे पाहतात, जांभई दाबतात. बाई पेन्सिल खाली ठेवीत आणि उजव्या हाताचे पहिले बोट टेबलाच्या कडेवर टेकवीत. साक्षीदार बोलू लागला की ते बोट त्या कडेवर लघुलिपीच्या खुणा काढीत जाई, एकही रेघ न उमटवता.

“हात गरम ठेवावा लागतो,” त्या मला म्हणाल्या होत्या. “आणि एक लक्षात ठेव. कानातून आलेलं थेट हातात जाऊ दे. डोक्यात शिरू देऊ नकोस. डोक्यात शिरलं की हात मागे पडतो.”

त्यांच्या शेजारी बसून शिकले म्हणून पुढे पुढे मला ते बोट वाचता येऊ लागले.

बाईंचे यजमान शहराच्या बसगाडीवर चालक होते. त्यांच्या डोक्यावर, काचेच्या वर, ‘चालकाशी बोलू नये’ अशी पाटी असे, आणि गप्पिष्ट माणसाला दिवसभर त्या पाटीखाली बसावे लागे. सुटी असली की ते बाईंना न्यायला फाटकापाशी येऊन उभे राहत. मला पाहिले की म्हणत, “काय धाकट्या बाई, तुम्ही तरी बोलता का? की आत शिरतानाच तोंड जमा करून घेतात?”

“अहो, चला,” बाई म्हणत.

“बघा. दोन शब्द. आजचा कोटा संपला.” मग माझ्याकडे वळून, “आमचं लग्न जमवणाऱ्यानं पाटी बघून जमवलं हो. हिच्या टेबलाला पाटी लावायची तेवढी राहिली.”

घरी पोचल्यावर मात्र दोघांची गत उलट होई. दिवसभर तोंड मिटून बसलेल्या माणसाचे तोंड उघडे, आणि दिवसभर कान उघडे ठेवलेल्या बाईला ते मिटावेसे वाटत. कोणत्या वळणावर कोण आडवे आले, कोणती म्हातारी पायरीवर पाय ठेवून कंडक्टरशी भांडली, हे सगळे ते पात्रे बदलून, आवाज काढून सांगत.

“जरा थांबा ना. कान किटलेत माझे,” बाई म्हणत.

“तुझे कान किटलेत आणि माझं पोट फुगलंय. कोणीतरी कोणाची सोय बघायला हवी ना?”

सोय अशी निघाली की ते बोलत आणि बाई भाजी चिरता चिरता, कपड्यांच्या घड्या घालता घालता ‘हं’ म्हणत. हात मोकळा असला की बोट मांडीवर चाले. डोक्यात काही शिरत नसे. हे बाईंनीच मला सांगितले, यजमान गेल्यावर, एकदा डबा खाताना. “सगळा संसार मी ‘हं’वर केला गं,” त्या म्हणाल्या आणि डब्याचे झाकण लावून टाकले.

त्यांना एकच मुलगी. तिला वडील ‘चेकर’ म्हणत. लहान असताना वडील घरी आले की ती दारातच उभी राही : उशीर का झाला, वाटेत कुठे थांबलात, पिशवीत काय आहे. वडील तिच्यापुढे हात जोडून म्हणत, “साहेब, तिकीट आहे, खिशात आहे, शोधतोय.” पुढे ती शिकली, हुशार निघाली, आणि तिला फार दूरच्या शहरात नोकरी लागली. वडिलांनी नको म्हणून पाहिले. ती ऐकेना, तेव्हा तिने बॅग भरली त्या सकाळी ते म्हणाले, “जायचंच असेल तर जा. परतीचं तिकीट काढू नकोस.”

एरवी हीच गोष्ट त्यांनी हसून सांगितली असती आणि तिनेही हसून टोला परत केला असता. त्या सकाळी कोणी हसले नाही. ती गेली, आणि दोघांचे बोलणे थांबले ते थांबलेच.

त्यानंतर मुलीचा फोन आईला येई. वडील शेजारी उभे राहून, भिंतीकडे तोंड करून, भिंतीलाच सांगितल्यासारखे बोलत : “तिला विचार, तिकडं बसला माणसं रांगेत उभी राहतात की आपल्यासारखी कोपरं मारतात. आणि म्हणावं, तिच्या सायकलला मी तेल घालून ठेवतो दर रविवारी, नाहीतर म्हणेल बाबानं भंगारात दिली.” बाई फोनमध्ये म्हणत, “बाबा बरे आहेत. तुझी चौकशी करतात.” तिकडून मुलगीही काहीबाही लांबलचक बोले, ते इकडे ‘ती मजेत आहे’ एवढे होऊन पोचे. न्यायालयात बाई लघुलेखक होत्या. घरी, फोनवर, त्या साहेब झाल्या होत्या, आणि हे त्यांच्या स्वतःच्या ध्यानात आले नव्हते.

मग यजमानांची छाती धरली. औषधांनी उतार पडेना, तेव्हा बाहेरच्या खोलीत खिडकीशी पलंग टाकला. बाईंनी रजा घेतली आणि पलंगाशी खुर्ची ओढून बसू लागल्या. खोकल्यामधून जेवढी फट मिळे तेवढ्यात ते बोलत, आणि चौकड्यांच्या चादरीवर बाईंचे बोट फिरत राही. एका दुपारी ते बरेच बोलले. नंतर बाईंनी आतल्या खोलीत जाऊन मुलीला फोन केला : “बाबांची तब्येत जरा नरम असते. सवडीने येऊन जा, असं म्हणतात ते.”

मुलीने हातातले काम संपवून, महिनाअखेरीस येते, असे सांगितले. महिनाअखेरीआधीच ते गेले.

ती आली तेव्हा पलंग उचलून झाला होता. ती रडली नाही. पाहुणे पांगल्यावर आईसमोर येऊन बसली आणि लहानपणी दारात उभी राही त्या सुरात तिने विचारले, “ते नक्की काय म्हणाले होते?”

“तू यावंस असं म्हणाले.”

“त्यांच्या शब्दांत सांग.”

“तेच गं. सवड झाली की ये.”

“आई, ‘सवड’ हा शब्द बाबांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तो तुझ्या साहेबांचा शब्द आहे. बाबा काय म्हणाले?”

बाईंना सांगता येईना. अर्थ तेवढा हाताशी होता. ज्या माणसाशेजारी उभे आयुष्य काढले, त्याचे एक अख्खे वाक्य त्यांना आठवत नव्हते. हे कळले त्या क्षणी आपण खऱ्या विधवा झालो, असे त्या मला म्हणाल्या.

मुलगी परत गेली. तिचे फोन विरळ होत गेले, आणि आला की दोन इकडच्या-तिकडच्या गोष्टींनंतर तोच प्रश्न येई : “आठवलं?” बाई ‘नाही’ म्हणत. मग तिकडून फोन बंद.

मी एकदा धीर करून म्हटले, “बाई, काहीतरी सांगून टाका तिला. ते तिच्यावर रागावले नव्हते हे तर खरं ना? मग त्यांच्या बोलण्यासारखं चार शब्दांत बसवून द्या. तिचा जीव शांत होईल.”

बाई पेन्सिल तासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “ऐकू आलं नसेल तिथं काय करायचं, असं शिकवलंय मी तुला?”

“जागा मोकळी सोडायची.”

“मग?”

“ते इथलं झालं, बाई. घरी—”

“बनवून सांगायला मी वकील नाही,” त्या म्हणाल्या, आणि पेन्सिलीचे टोक मोडले.

पुढची हकिगत एका दिवाणी दाव्याची. दोन भावांमध्ये दुकानावरून वाद होता. वडील हयात असताना त्यांना कोणी सांभाळले, असा मुद्दा निघाला. साक्षीला शेजारचा इस्त्रीवाला आला. हाताला कोळशाच्या धगीचे जुने डाग, अंगात मात्र कडक इस्त्रीचा सदरा, आणि कॉलर मोडू नये म्हणून मान ताठ धरलेली. त्याने सांगायला सुरुवात केली आणि बाईंचे बोट टेबलाच्या कडेवर चालू लागले. माझे काम त्या दिवशी लवकर आटोपले होते, म्हणून मी मागच्या बाकावर येऊन बसले होते.

त्याचे सांगून झाल्यावर साहेबांनी वाक्य सांगितले, “धाकटा मुलगा वडिलांची नियमितपणे देखभाल करीत असे.” बाईंनी ते पेन्सिलीने उतरवले. साक्ष संपल्यावर रीतीप्रमाणे ती त्याला वाचून दाखवली, सही करण्यापूर्वी.

इस्त्रीवाला डोके खाजवू लागला. “खरं आहे साहेब. पण यात टोपी गेली.”

“काय गेलं?”

“टोपी, साहेब. मी टोपीचं सांगितलं होतं.”

लोक हसले. शिपायाने ‘शांतता राखा’ म्हणून ओरडून घेतले. साहेब म्हणाले, “अहो, टोपीचा दाव्याशी काय संबंध?”

“संबंध टोपीचाच आहे, साहेब. देखभाल मोठासुद्धा करायचाच की. माणूस ठेवला होता त्यानं पगार देऊन. तुमच्या या वाक्यात दोघं भाऊ सारखेच बसतात बघा.”

साहेब चांगले होते. त्यांनी चष्मा काढला. “बरं. मग आपण नेमके काय बोलला होतात ते पुन्हा सांगा.”

इस्त्रीवाला गडबडला. “आता बोललो ते बोललो, साहेब. पुन्हा कसं यायचं ते तोंडात?” दोन्ही वकील एकमेकांकडे पाहू लागले. तो एकदा छताकडे, एकदा आपल्या हातांकडे पाही, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला अगदी ओळखीचे काहीतरी दिसले. जवळचे हरवले आहे आणि ते आपल्याच हातून, असा तो चेहरा होता.

तेवढ्यात दालनात बाईचा आवाज आला.

“‘रोज सकाळी धाकटा म्हाताऱ्याला धरून आणायचा, दुकानाच्या फळीवर बसवायचा. बसवून चार पावलं मागं जायचा आणि बघायचा. टोपी वाकडी असली की परत यायचा, सरळ करायचा. म्हातारा म्हणायचा, अरे कोण बघतंय मला. तो म्हणायचा, मी बघतोय की. आणि मग कामाला जायचा.’”

मोठ्या बाई बोलत होत्या. त्यांचे बोट टेबलाच्या कडेवर चालत होते आणि बोटामागून आवाज येत होता, सपाट, पाठ म्हटल्यासारखा. बोट थांबले, तसा आवाजही थांबला. मग आपण काय केले हे कळून त्या एकदम उठून उभ्या राहिल्या.

“हेच! हेच की हो!” इस्त्रीवाला ओरडला. “टोपीसकट!”

शिपायाचा ‘शांतता’ हा शब्द तोंडातच राहिला. त्या टेबलाकडून आजवर आवाज आलेला त्याने ऐकला नव्हता. साहेबांनी चष्मा पुन्हा लावला आणि ते म्हणाले, “बसा, बाई. घ्या लिहून. टोपी येऊ द्या.” बाई जे बोलल्या त्यातले साक्षीदाराचे शब्द कागदावर आले. त्या स्वतः बोलल्या ही गोष्ट मात्र कुठेच नोंदली गेली नाही, कारण नोंदणाऱ्या त्याच होत्या.

सुटल्यावर मी त्यांना जिन्यात गाठले. “बाई, ते सगळं तुमच्या लक्षात कसं राहिलं?”

“लक्षात नव्हतंच काही,” त्या म्हणाल्या. “बोट तिथंच होतं, त्याच कडेवर. ते चालायला लागलं. मी नुसतं वाचलं.” आणि त्या भराभर जिना उतरून गेल्या. एरवी त्या पायरी पाहून उतरत.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, “मिळालं.”

आदल्या संध्याकाळी त्यांनी खिडकीशी तीच खुर्ची ओढली होती, कपाटातून चौकड्यांची चादर काढून गुडघ्यांवर अंथरली होती, आणि बोट टेकवून बसल्या होत्या. आधी काही झाले नाही. मग खोकल्याने सुरुवात झाली. ते खोकत तेव्हा बाईंचे बोट थबकत असे, तसे ते थबकले, आणि मग निघाले.

“मग आता फोन करा ना तिला!” मी म्हणाले.

बाई खुर्चीवर बसल्या. पेन्सिली मांडल्या नाहीत. “ते तिला सांगितलं ना, तर ती पुन्हा या घरात पाऊल ठेवायची नाही. ते माझ्यावर येतं.”

“असं काय आहे त्यात?”

त्यांनी मान हलवली. मी म्हटले, “मग तुमच्यावर येतं तेवढं सोडा. बाकीचं सांगा. तिला हवं आहे ते तर मिळेल.”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी खाली पाहिले. “तेच तर करत आले मी,” त्या म्हणाल्या. “माझ्या घरात मीच गाळत बसले. आता आणखी गाळू?”

त्यांनी जेवणाच्या सुटीत फोन केला. मी शेजारी होते. नेहमीचे ‘कशी आहेस’ वगैरे काही न म्हणता त्या म्हणाल्या, “आठवलं. फोनवर नाही सांगता येणार. ये.” तिकडून काहीतरी विचारले गेले. बाई म्हणाल्या, “सवडीने नको. लगेच ये.”

मुलगी आली ती रविवारी. त्या दिवशी काय झाले ते बाईंनी मला सोमवारी सांगितले, दोन्ही बाजूंचे बोलणे जसेच्या तसे. इतके लांब त्या माझ्याशी पूर्वी कधी बोलल्या नव्हत्या.

मुलीने बॅग दारातच ठेवली होती, आत आणली नव्हती. बाईंनी तिला समोर बसवले, गुडघ्यांवर चादर घेतली.

“हे काय?” मुलगी म्हणाली. “लिहून ठेवलंय का कुठे?”

“लिहिलेलं नाही. हातात आहे. मध्ये बोलू नकोस. मध्ये बोललीस तर हात थांबेल.”

बोट टेकले, आणि बाई साक्ष वाचून दाखवतात त्या सपाट आवाजात वाचू लागल्या :

“‘अगं ए, चेकरला फोन लाव. मी बोलत नाही. मी बोललो तर खोकला ऐकेल आणि पंचनामा करत बसेल. तूच बोल. म्हणावं, बाबानं गाडी स्टॉपला लावून ठेवलीय, इंजिन चालू आहे. तू चढल्याशिवाय सोडत नाही. पण मागचे हॉर्न द्यायला लागलेत, म्हणावं. फार वेळ मला इथं थांबू देतील असं दिसत नाही. पळत ये. आणि ते परतीच्या तिकिटाचं... रागात माणूस गाडीला भलताच बोर्ड लावतो, ते तिला कळेल. चेकर आहे ती, बोर्ड बघून फसायची नाही. हे असंच सांग हं, माझ्या शब्दांत. तुझ्या साहेबासारखं करू नकोस.’”

बोट थांबले.

मुलीने विचारले, “पुढे?”

“पुढे मी ‘हं’ म्हटलं.”

“मग?”

“मग आत जाऊन तुला फोन केला.”

मुलगी उठली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ बंद झाला नाही. बाई चादर गुडघ्यांवर तशीच ठेवून बसल्या. दारातली बॅग त्यांना समोर दिसत होती. आता ती बाहेर येईल, बॅग उचलेल आणि जिना उतरेल, असे त्या धरून चालल्या होत्या. तिला थांबवायचे शब्द त्यांनी आत शोधून पाहिले. सापडले ते सगळे साहेबांचे होते.

नळ बंद झाला. मुलगी आली, समोर बसली, आणि म्हणाली, “पुन्हा वाच.”

बाईंनी पुन्हा वाचले. तेच शब्द, त्याच जागी थबकणे. ती म्हणाली, “पुन्हा.” या वेळी ‘पंचनामा करत बसेल’ आले तेव्हा तिला हसू फुटले, बापासारखेच, नाकातून. आणि ‘मागचे हॉर्न’ आले तेव्हा त्या हसण्याचेच रडणे झाले.

“सवडीने!” ती आईच्या गुडघ्यावर मूठ आपटत म्हणाली. “सवडीने म्हणे! ‘पळत ये’चं तू ‘सवडीने ये’ केलंस! का गं, आई? का?”

“तुला घोर लागू नये म्हणून, असं मला तेव्हा वाटलं होतं,” बाई म्हणाल्या. “पण खरं म्हणजे मी ते ऐकलंच नव्हतं गं. हातानं घेतलं. ऐकलं असतं तर ते जाणार हे मला कळलं असतं. ते मला कळून घ्यायचं नव्हतं.”

मग मुलीने विचारले, “आणि तू? त्यांचा निरोप झाला. तुझा काय निरोप होता मला, इतकी वर्षं?”

बाई म्हणाल्या, “मला बोलता येत नाही गं. मला घेता येतं.”

“मग घे,” मुलगी म्हणाली. तिने आईचे बोट धरून चादरीवर टेकवले आणि बोलू लागली. त्या दुपारी वडिलांपाशी पळत आली असती तर जे बोलली असती ते, आणि त्यानंतर आईला जे बोलायचे राहिले होते ते.

इथपर्यंत सांगून बाई थांबल्या. मी विचारले, “काय बोलली ती?”

“ते नीट घेता आलं नाही,” त्या म्हणाल्या. “माझा हात मागे पडला.”

लघुलेखकाच्या तोंडी हे वाक्य हार मानल्यासारखे असते. बाईंनी ते सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. त्यावर हार नव्हती.

मुलगी चार दिवस राहिली. सायकल काढून, चाकात हवा भरून, बाजारात जाऊन आली. मग गेली. तिने माफ केले का, हे मी विचारले नाही आणि बाईंनीही सांगितले नाही. परत येईन म्हणाली, केव्हा ते म्हणाली नाही. आता तिचा फोन आला की बाई ‘हं’ म्हणत नाहीत. ‘काय म्हणालीस? पुन्हा सांग,’ असे म्हणतात, ऐकू आलेले असले तरी.

बाकी काम पूर्वीसारखे चालते. साहेब गाळतात, बाई उतरवतात. संध्याकाळी मात्र त्या पायी जायच्या, तिथे आता बसने जातात, चालकाच्या मागच्या बाकावर जागा मिळेपर्यंत एखाददोन गाड्या सोडून.

परवा जेवणाच्या सुटीनंतर मी काही कागद द्यायला मोठ्या दालनात गेले. साहेब यायचे होते. बाके रिकामी, पिंजरा रिकामा, शिपाई बाहेर. बाई एकट्याच आपल्या टेबलाशी बसल्या होत्या, डोळे मिटून. कोणीही बोलत नव्हते, आणि त्यांचे बोट टेबलाच्या कडेवर चालले होते. मध्येच थबके, कोणाचा तरी खोकला थांबण्याची वाट पाहावी तसे, आणि पुन्हा निघे.

पहिली खूण मला दिसली. ती ‘अगं ए’ची होती. पुढचे वाचता आले असते. मी कागद हातात घेऊन खिडकीकडे वळले आणि खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसगाड्या पाहत उभी राहिले.